घासलेली कड

सुनेला हे माहीत नाही. मुलालाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढ्या एका गोष्टीला मी वळसा घालते आणि पुढचं मागणं मागते. आज कागदावर उतरवते आहे, तेही दुपारी, सगळे कामाला गेल्यावर, नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर. तू कोण आहेस मला ठाऊक नाही. बरं आहे ते. समोर ओळखीचा चेहरा असला की माझे शब्द घशातच राहतात.

मी बुजरी आहे, हे सगळे म्हणतात. खरंच आहे. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं — नाही का? गेली चार वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी फक्त गप्प राहिले. तसं नाही. मी बोलले. मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

थांब. आधीपासून सांगते. नाहीतर तुला कळायचं नाही.

मी एका संस्थेत सफाईचं काम करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. येरवड्यातून सकाळी निघायचं, मनपाच्या थांब्यावर बस बदलायची आणि नऊच्या आत हजेरीच्या मशीनवर अंगठा लावायचा. शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, कारण पुड्याचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक प्रयोगशाळा आहे. तिथे झाडायचं, पुसायचं, आणि टेबलावरच्या वस्तू जिथे आहेत तिथेच ठेवायच्या. पहिल्या दिवशी सुपरवायझरने एकच नियम सांगितला होता, "मावशी, फरशी तुमची, टेबल त्यांचं."

त्या प्रयोगशाळेत प्रणाली होती. यवतमाळकडची, वणीजवळच्या गावातली. ती पीएचडी करायची, आणि त्या प्रयोगशाळेचे सर तिचे गाइड होते. बोलायला लागली की तोंडात गावाकडची भाषा यायची, मग एकदम आठवण झाल्यासारखी ती पुण्याचं मराठी बोलायची. बाकीची मुलं मला बघून पाय वर घेत, म्हणजे मला खालून पुसता यावं. तेवढीच ओळख. प्रणाली उठून उभी राहायची आणि विचारायची, "मावशी, चहा घेतला का?"

मला तिचं काम कळावं असं तिला का वाटलं, कोण जाणे. बहुतेक तिला बोलायला कोणी नव्हतं. मीही नव्हते म्हणा — मी फक्त ऐकायचे. पण तिला तेवढं पुरायचं.

सोनोग्राफीचं मशीन तू पाहिलं असशील. पोटावर गार जेल लावून जो दांडा फिरवतात, त्याच्या तोंडाशी शंभराच्या वर बारके बारके कान असतात, असं तिने सांगितलं. प्रत्येक कानाला वेगळी तार, प्रत्येक तारेला वेगळं यंत्र. म्हणून ते मशीन जड, म्हणून महाग. तिच्या वहिनीला पोटात दुखत होतं तेव्हा जीपमधून दोन तास नेलं होतं म्हणे, कारण जवळच्या दवाखान्यात मशीनच नव्हतं. प्रणालीला ते एका कानात करायचं होतं. शंभराच्या जागी एक.

"एका कानाला सगळं एकत्रच ऐकू येईल ना गं?" मी एकदा विचारलं. मी विचारलं याचंच मला नवल वाटलं होतं.

ती खूश झाली. म्हणाली, "बरोब्बर. म्हणून तर झाकण."

झाकण म्हणजे प्लास्टिकचा एक गोल तुकडा, कुंकवाच्या डबीच्या झाकणाएवढा. तो कानावर बसवायचा. पण तो गुळगुळीत नव्हता. मुद्दाम खडबडीत केलेला होता — कुठे जाड, कुठे पातळ, कुठे खड्डा. आवाज जाड भागातून जाताना उशिरा पोचतो, पातळ भागातून लवकर. त्यामुळे आतल्या प्रत्येक जागेचा आवाज थोडा वेगळा होऊन येतो. तिने मला विचारलं, "मावशी, तुमच्या जिन्यावरून कोण वर येऊन राहिलं हे दार न उघडता कळते की नाही?" कळतं. शेजारच्या काकांचा एक पाय घासत येतो, सून दोन पायऱ्या एकदम चढते. "तसंच," ती म्हणाली. झाकण थोडं फिरवायचं, ऐकायचं. परत फिरवायचं, परत ऐकायचं. आणि फार वेळा ऐकायचीही गरज नाही, कारण आत बरीचशी जागा रिकामीच असते. तांदूळ निवडताना आपण तांदूळ मोजतो का? खडे तेवढे हेरतो. कॉम्प्युटर तसेच खडे हेरतो.

पण त्यासाठी आधी एक गोष्ट करावी लागते. आणि तीच माझ्या गोष्टीचं मूळ आहे, म्हणून नीट सांगते. हे झाकण लावल्यावर कुठल्या जागेचा आवाज कसा येतो, हे अगोदर मोजून ठेवावं लागतं. पाण्याच्या काचेच्या टाकीत, एकेक जागा, एकेक आवाज. त्या मोजणीला तिला अठरा दिवस लागले होते. ती मोजणी त्याच झाकणाची. दुसऱ्या झाकणाला ती चालणार नाही.

आणि ते झाकण तिने हाताने केलं होतं. वर्कशॉपमधून साधा गोल तुकडा आणून, खिडकीपाशी बसून, लोखंडी कानशीने घासून. मी समोर होते. पांढरा भुगा खाली पडत होता आणि ती म्हणत होती, "झाडू नका अजून मावशी, आणखी पडणार आहे." किती घासायचं, कुठे घासायचं, याचं काही चित्र तिच्यापुढे नव्हतं. हात जाईल तसं. मी म्हटलं, कसंही चालतं का? ती म्हणाली, "कसंही चालते. वाकडंतिकडंच पाहिजे."

कसंही चालतं. हे शब्द मी नंतर किती वेळा स्वतःशी म्हटले असतील. पण पुढचं वाक्यही ती बोलली होती, ते मी विसरल्यासारखं करते. ती म्हणाली होती, "फक्त एकदा मोजल्यावर मग नाही."

माणसावर ते यंत्र कधी लावलं नाही. तशी परवानगी नव्हती, दारावर पाटीच होती. सगळं जेलीवर चालायचं. पावडर उकळून घट्ट केलेली जेली, आणि तिच्यात काचेचे मणी. मणी यंत्राला सापडले तर यंत्र बरोबर. प्रणालीची जेली नेहमी बिघडायची, तिच्यात हवेचे बुडबुडे राहायचे, आणि बुडबुडा यंत्राला मण्यासारखाच दिसतो. एकदा मी बाटली उघडून वास घेतला, बोटावर पावडर घेतली. आपलं चायना ग्रासच ते, दुधात उकळून वड्या पाडतात ते. माझी आई लग्नघरी स्वयंपाकाला जायची, तिच्या हाताखाली मी त्याची किती ताटं ओतली असतील. मी प्रणालीला सांगितलं की उकळल्यावर लगेच ओतू नकोस, जरा बसू दे, वरचा फेस काढ, आणि भांड्याच्या कडेने ओत, मधोमध नको.

त्या दिवसापासून जेली माझ्याकडे आली. आणि टाकीचं पाणी. पाणीही तसंच, आदल्या दिवशी भरून ठेवायचं, त्यातली हवा निघून गेली की टाकीत सोडायचं. टेबल त्यांचं होतं, पण आता त्या टेबलाची एक कड माझी झाली होती. तुला हसू येईल — मी घरी येऊन सुनेला सांगायचे, उद्या मला लवकर जायचं आहे, माझी जेली लावायची आहे.

मग आमचा एक खेळ सुरू झाला. मी जेली लावताना प्रणाली बाहेर जायची. "लपवा न मावशी." मी दोन-तीन मणी कुठेही सोडायचे, कधी खाली, कधी कोपऱ्यात, एकदा दोन मणी अगदी चिकटून. मग ती यंत्र लावायची, झाकण फिरायचं, आणि पडद्यावर काळ्यात पांढरे ठिपके उमटायचे. ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे. एकदाही ती चुकली नाही. चिकटलेले दोन मणीसुद्धा तिने दोनच दाखवले. त्या दिवशी तिने माझा हात हातात घेतला होता, ओला, जेलीने चिकट झालेला.

हे ध्यानात ठेव. मी लपवलेले मणी तिला न सांगता सापडत होते. हे माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं.

आता मला तिथे यायला हवं. मघापासून मी इकडेतिकडे फिरते आहे ना? मलाही कळतं.

दिल्लीहून माणसं येणार होती, काम बघायला. त्यांनी पसंत केलं तर प्रणालीचं काम पुढे जाणार होतं, एखाद्या खऱ्या दवाखान्यापर्यंत. त्याच्या आधी चार दिवस ती गावी गेली. वडिलांचं ऑपरेशन होतं. जाताना मला म्हणाली, "पाणी तेवढं बदलून ठेवा मावशी. झाकणाला हात नका लावू."

मी पाणी बदललं. आणि टाकी रिकामी असताना मला झाकण दिसलं. त्याच्यावर पांढरट थर बसला होता. नळाच्या पाण्याचा बसतो तसा, बादलीला बसतो तसा. पाहुणे येणार आणि हे असं? तू सांग, घरी पाहुणे येणार असले तर आपण समई तशीच काळी ठेवतो का? मला कोणी सांगितलं नव्हतं. उलट नको म्हणून सांगितलं होतं. पण मला वाटलं ती म्हणते ते इतरांसाठी, माझ्यासाठी नाही. मी आता त्यातली होते ना. तिला चकचकीत झाकण दाखवावं, तिने "मावशी!" म्हणावं — एवढंच मला हवं होतं.

बसवायची खूण होती, ती बघून ठेवली. झाकण काढलं. लिंबाच्या पाण्यात टाकलं, जुन्या दाताच्या ब्रशने हलकेच घासलं. थर निघाला. नळाखाली धरलं, आणि ते बोटांतून सुटलं.

फरशीवर पडलं. फार आवाजही झाला नाही. उचलून बघितलं तर कडेचा एक टवका गेला होता. तिळाएवढा. फार तर दोन तिळांएवढा.

इथपर्यंत जे झालं ते कोणाकडूनही होऊ शकतं. मी मुद्दाम पाडलं नव्हतं. ते तसंच टेबलावर ठेवून गेले असते तर? कोणीही आलं असतं तरी म्हणालं असतं, अरे, टवका गेलाय. प्रणालीने कपाळावर हात मारला असता, मला दोन शब्द बोलली असती, पाहुण्यांना पुढची तारीख दिली असती, आणि अठरा दिवस परत मोजलं असतं. बस. एवढंच.

पण तो टवका उघडा दिसत होता. नवी, धारदार, पांढरी कड. बाकी सगळ्या खडबडीत भागात तेवढीच ओरडत होती. खिडकीपाशी खणात तिची कानस होती. मी ती काढली आणि ती कड घासली. ती जशी घासायची तशीच. थोडी घासली तर ते ठिकाण वेगळं दिसायला लागलं, म्हणून शेजारचंही घासलं. मग त्याच्या शेजारचं. शेवटी हात फिरवला तेव्हा काही कळेना. वाकडंतिकडं तर ते होतंच. भुगा मी ओल्या फडक्याने टिपून घेतला. तो मी झाडला नाही, कारण केरात तो कोणालाही दिसला असता. म्हणजे बघ, मला कळत होतं. सगळं कळत होतं.

खुणेला खूण जुळवून झाकण परत बसवलं, पाणी भरलं, आणि घरी गेले.

पाहुणे आले त्या दिवशी जेली मीच लावली होती. सरांनीच सुचवलं होतं, की मणी बाईंना लपवू द्या, म्हणजे प्रणालीला माहीत नसेल आणि शंकेला जागा राहणार नाही. मी तीन मणी ठेवले. दोन वर, एक खाली डावीकडे. मी दाराशी उभी होते.

झाकण फिरलं. पडद्यावर काहीतरी उमटलं. ठिपके नव्हते. धुरासारखं होतं, सगळीकडे पसरलेलं. प्रणालीने परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदाही लावलं. सर आमचे पक्के पुणेकर, आवाज कधी चढवत नाहीत. ते म्हणाले, "प्रणाली, आपण मणी शोधतोय की पावसाचा अंदाज वर्तवतोय?"

पाहुणे हसले. वाईट नव्हते ते, पण हसले. प्रणालीने माझ्याकडे बघितलं. खेळात बघायची तसं — मावशी, कुठे आहेत? मी फरशीकडे बघितलं.

पुढच्या दिवसांत ती प्रयोगशाळेतून हललीच नाही. कॉम्प्युटरचे आकडे तपासले, तारा बदलल्या, झाकण उजेडात धरून बघितलं. त्याचं आधीचं चित्र नव्हतंच कुठे, तिने हाताने केलेलं. बघून काय कळणार? एका दुपारी ती मला पाणी भरायच्या जागी भेटली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, मी गावाला होती तेव्हा झाकण काढलं होतं का तुम्ही? पडलं-बिडलं का? काढलं असेल तर बरंच आहे बघा. मग सगळं जुळते. मी नाही रागावणार."

ऐकलंस? तिने माझ्यापुढे दार उघडून धरलं होतं. "काढलं असेल तर बरंच आहे." तिला ते हवं होतं. माझं हो म्हणजे तिची सुटका होती. आणि मी —

मी म्हटलं, "नाही गं. मी कशाला हात लावू? तूच तर नको म्हणालीस."

शेवटचं वाक्य मी का जोडलं? नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते ऐकून ती ओशाळली. "हो हो, तसं नाही मावशी," म्हणाली, आणि माझीच समजूत काढली.

मला कामावरून काढतील ही भीती होती का? थोडी होती. पण खरं सांगू, ते कारण मी नंतर शोधलं. त्या वेळी मनात एवढंच आलं होतं की हिने मला टेबलाजवळ घेतलं, आणि हिला कळेल की मी फरशीचीच होते. एवढ्यासाठी. एवढ्याशा मानासाठी.

मग सरांनी मला खोलीत बोलावलं. प्रणाली तिथे होती. सर म्हणाले, "सुमनबाई, बसा." मी बसले नाही. ते म्हणाले, "परत मोजायचं तर टाकी अठरा दिवस अडणार. दुसऱ्यांची पाळी आहे. झाकणाला काही झालं असेल तरच त्यात अर्थ आहे. तेव्हा आपण मला सांगा —"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रणाली म्हणाली, "सर, त्यांना नका विचारू. मी विचारलं आहे. मावशी खोटं नाही बोलणार."

सरांनी तरी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

"ठीक," सर म्हणाले. "झाकण तेच, मोजणी तीच. मग आधीची चित्रं इतकी सुंदर कशी आली, हा प्रश्न उरतो."

त्या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. प्रणालीला कळला. तिचा चेहरा एकदम लहान झाला. सरांना म्हणायचं होतं की मणी कुठे आहेत हे ठाऊक असल्यामुळे तिने आकडे तसे वळवले असतील. चित्रं बनवली असतील. खोटी. ती म्हणाली, "सर, मावशी लपवायच्या मणी. मला माहीत नसायचं." सर म्हणाले, "त्याची नोंद आहे का?" नोंद कुठली? खेळ होता तो आमचा.

आणि मी तिथेच होते. दोन हातांवर. झाकणाचं सोड, ते माझं पाप होतं. पण हे? हे सांगायला मला काय झालं होतं? सर, मी लपवायचे, तिला माहीत नसायचं, ती एकदाही चुकली नाही. एवढी तीन वाक्यं. त्यात माझी चूक कुठेच उघडी पडत नव्हती. पण मला वाटलं, एक बोलले की ते दुसरं विचारतील, दुसऱ्यावरून तिसरं, आणि तोंड उघडलं की ते निघेल. म्हणून मी तेही बोलले नाही. तिची एकुलती एक साक्षीदार मी, आणि मी उभी राहिले होते हातात फडकं धरून, जणू खोली पुसायलाच आले होते.

ती पुढे तीन महिने होती. मग गेली. काम अर्धवट टाकून. कोणी तिला जा म्हटलं नाही, पण तिच्या कोणत्याही कागदावर कोणी सही करेना. जायच्या दिवशी तिने मला मिठी मारली आणि सांगितलं, "तुमच्यासारखी जेली कोणालाच जमायची नाही." मी रडले. तिला वाटलं ती जाते म्हणून रडते आहे.

झाकण खणात राहिलं होतं. वर्षभर राहिलं. मला वाटायचं, कोणीतरी ते काढेल, भिंगाखाली धरेल, कड बघेल. मी रोज तो खण पुसायचे. मग सरांनी खण रिकामे करायला सांगितले. मी सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ते स्वतःच्या हाताने टाकलं, आणि पिशवीचं तोंड बांधलं. कोणी सांगितलं नव्हतं झाकण टाका म्हणून. "बघून टाका," म्हणाले होते. मी बघून टाकलं.

आता तिथे नवा मुलगा आहे. त्याने झाकण मशीनवर करून घेतलं, टाकीत मोजलं, आणि मोजणी संपल्यावर पहिल्याच आठवड्यात मणी दिसले. स्वच्छ, पांढरे ठिपके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेली माझीच होती. सर पाहुण्यांना सांगतात की आधी एक विद्यार्थिनी होती, कल्पना चांगली होती तिची, पण काम करण्यात प्रामाणिकपणा लागतो. हे वाक्य मी आजवर चारदा ऐकलं आहे. चारही वेळा मी खोलीत होते.

प्रणाली वणीला शिकवणीचे वर्ग घेते. दहावीच्या मुलांना गणित. लग्न झालं नाही. घरात तिच्यावर काय बोलणी झाली असतील, पुण्याला जाऊन पाच वर्षं काय केलं म्हणून, ते ती सांगत नाही. पण दर संक्रांतीला न चुकता मला फोन करते. मी कधीच केला नाही. ती करते.

पहिली दोन वर्षं ती फोनवर तेच बोलायची. मावशी, माझं बरोबर होतं हो. कुठं अडलं तेच समजून नाही राहिलं. मी हं हं करायचे. तिचा राग अजून जिवंत होता तोवर मला बरं वाटायचं, हेही तुला सांगून टाकते. मला वाटायचं, ती स्वतःवर विश्वास ठेवून आहे ना, मग माझ्यामुळे तिचं सगळंच गेलेलं नाही.

यंदाच्या संक्रांतीला तिचा आवाज वेगळा होता. मऊ. म्हणाली, "मावशी, मी आता मानलं. माझंच कुठंतरी चुकलं असेल. सर म्हणत होते ते खरं असेल. नकळत मी आकडे वळवले असतील. लय भांडली मी मनात, आता नाही भांडत. बरं वाटून राहिलं."

फोन कानाला होता. सून बाजारात गेली होती, घरात मी एकटी. मला विचारायलाही कोणी नव्हतं आणि अडवायलाही. तिने क्षणभर वाट बघितली. मी काहीतरी म्हणेन म्हणून. चार वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडून काही ऐकायला थांबली होती.

मी म्हटलं, "होतं गं असं. माणूस आहे, चुकतो."

ती हसली. "हो न," म्हणाली. "तुमच्याशी बोललं की हलकं वाटते."

प्रणाली चुकली नव्हती. झाकण मी पाडलं, त्याची कड मी घासली, आणि दोनदा मला सांगायची संधी मिळाली, एकदा तिच्यापुढे, एकदा सरांपुढे, तेव्हा दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी तिने विचारलंही नव्हतं.